परतीचे पत्ते

दूध उत्पादकांची बिले दर दहा दिवसांनी निघतात. ज्या संघासाठी आम्ही हिशेबाचा प्रोग्राम लिहिला होता, त्याची गावोगावची संकलन केंद्रे संध्याकाळच्या पाळीनंतर आपापल्या नोंदी पाठवीत, आणि मध्यरात्र उलटली की आमचा प्रोग्राम लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) पाहून, दरपत्रकाशी ताळा घालून, प्रत्येकाच्या नावावर रक्कम मांडत असे. अशाच एका बिलाच्या रात्री पावणेतीनला फोन वाजला. लॅपटॉप उघडून लॉग, म्हणजे प्रोग्राम आपल्या कामाच्या नोंदी लिहितो ती फाइल, पाहिला, तर एकच ओळ हजारो वेळा खाली उतरत गेलेली होती: “हिशेब झाला नाही: नल”.

ती ओळ मीच लिहिलेली होती. तीन वर्षांपूर्वी एक्सेप्शन, म्हणजे काम अडल्याची प्रोग्रामने दिलेली सूचना, पकडताना त्याचा फक्त संदेश मागून घ्यावा आणि लॉगमध्ये टाकावा, एवढाच विचार मी केला होता. चूक कुठे आणि कोणत्या वाटेने घडली ते सांगणारा पूर्ण स्टॅक ट्रेस छापला तर लॉग उगाच फुगेल, असे तेव्हा वाटले होते. त्या रात्री त्या ओळीकडे पाहताना मला कळत होते की कुठेतरी, ज्या जागी मूल्य असायला हवे त्या जागी काहीच नाही. पण कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या ओळीवर, कुणाच्या हिशेबात, यांपैकी काहीही त्या ओळीतून कळत नव्हते. प्रोग्रामला हे सगळे ठाऊक होते. सांगायची तयारीही त्याने केली होती. मी त्याला एका शब्दावर थांबवले होते.

तेव्हापासून स्टॅक ट्रेस कसा छापला जातो, या अगदी छोट्या वाटणाऱ्या गोष्टीकडे मी फार लक्ष देऊन पाहते. आमच्या कामात लिहिलेल्या मजकुरांपैकी सर्वांत जास्त काळजीने लिहिण्याजोगा मजकूर तोच आहे, असे माझे मत झाले आहे; कारण तो वाचणारा माणूस नेहमी अडचणीतच असतो.

स्टॅक म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगते. एका फंक्शनने, म्हणजे प्रोग्रामच्या एखादे ठरावीक काम करणाऱ्या तुकड्याने, दुसऱ्याला काम सांगितले की ते काम आटोपल्यावर परत कुठे यायचे, तो पत्ता मागे ठेवावा लागतो. दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितले की आणखी एक पत्ता त्यावर येतो. सर्वांत शेवटी ठेवलेला पत्ता सर्वांत आधी उचलायचा, असा हा साधा नियम आहे. ॲलन ट्युरिंग यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या एसीई या संगणकाच्या आराखड्यात या दोन क्रियांना जी नावे दिली होती, त्यांचा अर्थ पुरणे आणि उकरून काढणे असा होतो. म्युनिकच्या फ्रीडरिश बाउअर आणि क्लाउस झामेलझोन यांनी पुढे याच कल्पनेसाठी तळघर या अर्थाचा जर्मन शब्द वापरला आणि १९५७ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुरून ठेवलेले पत्ते, तळघरात एकावर एक रचलेले पत्ते: दोन्ही प्रतिमा मला फार अचूक वाटतात. चूक घडते त्या क्षणी प्रोग्राम तळघराचे दार उघडतो आणि तिथले पत्ते वरून खाली एकेक वाचून दाखवतो. तोच स्टॅक ट्रेस.

इथे एक बारकावा आहे, आणि तो समजायला मला बरीच वर्षे लागली. ट्रेस वाचताना आपण तो घडलेल्या घटनांचा इतिहास असल्यासारखा वाचतो, पण तो इतिहास नसतो. ज्या फंक्शनांचे काम अजून उरलेले आहे, ज्यांच्याकडे परत जायचे आहे, त्यांचेच पत्ते स्टॅकमध्ये असतात. जे आपले काम उरकून निघून गेले, मग त्यांनी ते काम बरोबर केलेले असो की चुकीचे, त्यांचा मागमूस तिथे राहत नाही. आमच्या दुधाच्या हिशेबात फॅटची जागा रिकामी सोडणारे फंक्शन केव्हाच परतले होते. ट्रेस पूर्ण छापला असता तरी त्याचे नाव त्यात आले नसते. जिथे त्या रिकाम्या जागेला दराने गुणायला गेलो, ती जागा फक्त दिसली असती. ठेच कुठे लागली ते ट्रेस सांगतो, दगड कुणी ठेवला ते सांगत नाही. पण ठेचेची जागा नेमकी कळली की दगड ठेवणारा शोधायला फारसा वेळ लागत नाही, आणि ती जागाच कळली नाही तर सगळा रस्ता पालथा घालावा लागतो.

माझे वडील तलाठी होते. गारपीट झाली की ते बांधाबांधावर उभे राहून पंचनामे लिहीत, आणि शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर जात असे. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, उभे पीक कोणते, आडवे किती झाले, हे सारे ते ठरलेल्या क्रमानेच लिहीत. पाऊस पुन्हा येईल म्हणून मी घाई केली तरी त्या क्रमातले एकही कलम ते गाळत नसत. “अंदाज नंतर कुणीही काढील,” ते म्हणत, “जागेवर जे होतं, ते जागेवर उभा असलेल्या माणसाशिवाय कोण सांगणार?” ट्रेस लिहून घेताना मला हे वाक्य आठवते. चूक घडली त्या क्षणी, त्या जागी, प्रोग्रामशिवाय दुसरे कोणीही हजर नसते.

क्रम हा विषय तर वेगळ्या लेखाचाच आहे. जावा चूक आधी सांगते आणि मग ती घडली त्या ओळीपासून मागे मागे जाते: हे फंक्शन, त्याला बोलावणारे, त्याला बोलावणारे, आणि सगळ्यात तळाशी मुख्य प्रोग्राम किंवा थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारे एक काम) सुरू झाला ती जागा. पायथन याच्या उलट वागते. तिचा पहिला फंक्शन कॉल वर आणि चूक सर्वांत खाली असते. दोन्ही भाषांत काम करणाऱ्या माणसाचे डोळे पहिल्या काही दिवसांत हमखास चुकीच्या टोकाला जातात. मात्र पायथनने एक गोष्ट फार सौजन्याने केली आहे: ट्रेसच्या पहिल्याच ओळीत “ट्रेसबॅक, मोस्ट रिसेंट कॉल लास्ट” असे लिहून, हा कागद कोणत्या दिशेने वाचायचा ते आधीच सांगून ठेवले आहे. टर्मिनलवर काम करताना हा क्रम मला अधिक आवडतो, कारण पडदा सरकत सरकत थांबतो तिथे, कर्सरच्या अगदी वर, चुकीचे नाव आणि ती ओळ असते. डोळ्याला कुठे जावे लागत नाही. मोठ्या लॉगमध्ये शोधताना मात्र मला जावाची रीत बरी वाटते. तिथे तारीख-वेळेच्या ओळीला लागूनच चूक सापडते आणि पुढचे वाचायचे की नाही ते लगेच ठरवता येते.

पायथन प्रत्येक टप्प्यावर फाइलचे नाव आणि ओळ क्रमांक देऊन थांबत नाही, ती ओळच छापते. यामागे एक गोष्ट घडते जी माहीत असलेली बरी. ती ओळ स्मृतीत राखून ठेवलेली नसते. ट्रेस छापण्याच्या वेळी डिस्कवरची फाइल उघडून त्या क्रमांकाची ओळ काढली जाते. प्रोग्राम चालू असतानाच कुणी नवा कोड त्या जागी ठेवला, तर क्रमांक जुना आणि मजकूर नवा अशी गाठ पडते. मग भागाकाराची चूक झाली म्हणून ट्रेस सांगतो आणि त्याखाली एखादी निरुपद्रवी टिप्पणी नाहीतर रिकामी ओळ दिसते. एकदा अशाच एका ओळीपुढे मी आणि माझा सहकारी अर्धी दुपार बसलो होतो. ट्रेस खरे सांगत होता, फक्त तो ज्या प्रतीवरून वाचत होता ती प्रत बदललेली होती.

चूक हाताळताना दुसरी चूक झाली तर काय छापायचे, हा या कामातला सर्वांत अवघड भाग असावा. जावाने २००२ मध्ये, आपल्या १.४ या आवृत्तीत, एका एक्सेप्शनला दुसरे कारण म्हणून जोडण्याची सोय आणली. तेव्हापासून जावाच्या ट्रेसमध्ये “कॉज्ड बाय” अशी ओळ येते आणि तिच्याखाली मूळ चुकीचा वेगळा ट्रेस सुरू होतो. मूळ कारण त्यामुळे बहुधा सर्वांत शेवटच्या “कॉज्ड बाय”पाशी असते, आणि नवशिक्या माणूस नेमका वरच्या दहा ओळी कॉपी करून पाठवतो. त्या भागाच्या शेवटी तीन टिंबे आणि “२३ मोर” असे काहीतरी येते. उरलेला मजकूर कापला गेला असे समजून मी पूर्वी लॉगची सेटिंग्ज तपासत बसत असे. प्रत्यक्षात कापलेले काही नसते: त्या २३ फ्रेम, म्हणजे ट्रेसमधले एकेक पत्ते, वर आधी छापून झालेल्या ट्रेसच्या शेवटच्या २३ फ्रेमच असतात, म्हणून त्या पुन्हा लिहिलेल्या नसतात. “वरीलप्रमाणे” लिहिण्याचीच ही रीत आहे, पण ती कुणीतरी समजावून सांगावी लागते.

पायथनच्या तिसऱ्या पिढीने २००८ मध्ये हीच सोय आणली तेव्हा दोन वेगवेगळी वाक्ये योजली, आणि माझ्या मते त्या दोन वाक्यांत सगळ्या ट्रेस-लेखनाचे मर्म आहे. वरची चूक हाताळत असताना आणखी एक चूक घडली, असे एक वाक्य सांगते. वरची चूक हीच खालच्या चुकीचे थेट कारण होती, असे दुसरे वाक्य सांगते. पहिले वाक्य पायथन स्वतःहून लिहिते, कारण तिला फक्त इतकेच दिसले आहे की एकीच्या पोटात दुसरी घडली. दुसरे वाक्य तेव्हाच छापले जाते, जेव्हा कोड लिहिणाऱ्याने स्वतः “रेझ” आणि “फ्रॉम” वापरून तसा संबंध सांगितलेला असतो. आपण पाहिले ते वेगळे आणि कुणी जबाबदारीने सांगितले ते वेगळे, हा फरक यंत्राच्या छापील मजकुरात कुणीतरी जपला आहे, याचे मला आजही अप्रूप वाटते. वडिलांच्या पंचनाम्यातही पाहिलेले आणि शेतकऱ्याने सांगितलेले अशा दोन वेगळ्या जागा असत.

दुधाच्या बिलाकडे परत येते. त्या रात्री मी ती ओळ बदलली, संदेशाऐवजी अख्खे एक्सेप्शन लॉगला दिले, नवी आवृत्ती चढवली आणि हिशेब पुन्हा सुरू केला. चाळीस-एक मिनिटांनी लॉगचा शेवट पाहिला, तर आता “जावा लँग नलपॉइंटरएक्सेप्शन” एवढे नाव दिसत होते आणि त्याखाली काहीच नव्हते. एकही फ्रेम नव्हती. लॉगची मांडणी ठरवणाऱ्या फाइलमध्ये काहीतरी चुकले असेल असे धरून आम्ही उजाडेपर्यंत ती फाइल उलटसुलट करत राहिलो.

कारण अगदी वेगळे होते, आणि ते जावाचे प्रोग्राम चालवणाऱ्या हॉटस्पॉट या यंत्रणेत २००४ च्या पाचव्या आवृत्तीपासून आहे. ट्रेस गोळा करायला वेळ लागतो. एक्सेप्शन तयार होताना अख्खा स्टॅक चालत जावा लागतो. एकाच जागी तेच अंगभूत एक्सेप्शन पुन्हा पुन्हा येऊ लागले की हॉटस्पॉट त्या मेथडचा (जावात फंक्शनला मेथड म्हणतात) कोड यंत्राच्या भाषेत नव्याने कंपाइल करते आणि त्यापुढे आधीपासून तयार करून ठेवलेले, ट्रेस नसलेले एक्सेप्शन फेकते. सुरुवातीच्या काही वेळा तिने सगळे सविस्तर सांगितलेले असते, त्यानंतर ती फक्त नाव घेते. आम्ही शेवटून वाचत होतो. लॉग उघडून वर, अगदी पहिल्या नोंदींपाशी गेलो, तेव्हा ट्रेस तिथे होता, पूर्ण, ८० हून अधिक ओळींचा. त्यातल्या तीनच ओळी आमच्या कोडच्या होत्या, बाकी सगळ्या फ्रेमवर्कच्या, थ्रेड पूलच्या आणि डेटाबेस ड्रायव्हरच्या. त्या तिनांतली सर्वांत वरची ओळ फॅटला दराने गुणत होती.

एका केंद्रावर संध्याकाळच्या पाळीत फॅट मोजणारे यंत्र बंद पडले होते. तिथल्या माणसाने दूध घेतले, लिटर लिहिले आणि फॅटचा रकाना रिकामा ठेवला, जो प्रामाणिकपणे रिकामाच ठेवायला हवा होता. त्या केंद्राच्या साऱ्या उत्पादकांचा हिशेब त्यामुळे अडला होता, आणि प्रत्येक प्रयत्नाला एक ओळ पडत होती. दुरुस्ती वीस मिनिटांची होती, पण बिले एक दिवस उशिरा गेली. ज्या घरी दहा दिवसांच्या दुधावर पेंड आणि किराणा चालतो, तिथे एक दिवसही जाणवतो.

ज्यांना हे टाळायचे असेल त्यांच्यासाठी जावा सुरू करताना द्यायचा एक पर्याय आहे, “ओमिट-स्टॅकट्रेस-इन-फास्टथ्रो” या नावाचा, जो बंद केला की ट्रेस कितव्याही वेळी पूर्ण येतो. आमच्या सर्व सर्व्हरांवर तो आता बंद आहे. २०२० मध्ये आलेल्या जावा १४ ने संदेशही सुधारला. पूर्वी जिथे नुसते “नल” मिळत असे, तिथे अमुक मेथडकडून आलेले मूल्य नल होते म्हणून तमुक काम करता आले नाही, असे वाक्य मिळू लागले. आवृत्ती १५ पासून ते आपोआप मिळते. आमचा प्रोग्राम त्या वेळी जावा ८ वर होता.

२०२२ मधल्या पायथन ३.११ ने याहून पुढचे पाऊल टाकले. एकाच ओळीत चार-पाच डिक्शनऱ्या (कळ देऊन मूल्य काढायचे संच) एकात एक उघडल्या असतील तर पूर्वी फक्त ओळ कळत असे. आता नेमक्या त्या भागाखाली टोपीसारख्या खुणांची रांग छापली जाते. शिक्षक वहीतल्या चुकलेल्या शब्दाखाली रेघ ओढतात तसे ते दिसते. मी ही सोय पहिल्यांदा पाहिली तेव्हा मुद्दाम चुका करून पाहिल्या. मात्र त्या ओळीत देवनागरी मजकूर असला तर रेघ उजवीकडे सरकते. चिनी-जपानी अक्षरे रुंद असतात हे तिथे लक्षात घेतलेले आहे, पण आपल्या लिपीची गंमत निराळी आहे. “कोल्हापूर” आपण चार अक्षरांत वाचतो. संगणकाच्या हिशेबी त्यात क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार आणि र अशी नऊ चिन्हे आहेत, आणि रेघ सरकवताना ती नऊ जागांइतकी सरकवली जाते. पडद्यावर तेवढी जागा त्या शब्दाने घेतलेलीच नसते. जिल्ह्यांची नावे कळ म्हणून वापरणाऱ्या आमच्या एका प्रोग्राममध्ये त्या खुणा नेहमी पुढच्या कंसाखाली जाऊन उभ्या राहतात. हे कुणीतरी मराठी, हिंदी किंवा नेपाळी लिहिणाऱ्यानेच हाती घ्यायला हवे, आणि टर्मिनलागणिक मात्रांची मोजणी वेगळी असल्यामुळे ते सोपे नाही, हेही मला ठाऊक आहे.

इतर भाषांनी आपापले निर्णय घेतले आहेत. रस्ट मागितल्याशिवाय ट्रेस दाखवत नाही, पण कसा मागायचा ते त्याच संदेशात सांगते. क्रोमच्या व्ही८ इंजिनात जावास्क्रिप्टचा ट्रेस मुळात दहाच फ्रेमांचा असतो. फंक्शन स्वतःलाच बोलावत राहिले आणि पायथनची १००० ची मर्यादा गाठली, तर ती हजार ओळी छापत नाही. तीन छापते आणि मागची ओळ आणखी ९९६ वेळा आली असे लिहिते. या शेवटच्या सोयीत मला वाचणाऱ्याबद्दलचा आदर दिसतो. गाळायचेच असेल तर काय गाळले आणि किती गाळले ते सांगून गाळावे, एवढीच माझी मागणी आहे.

कारण संपूर्ण ट्रेस सगळीकडे ओतणे हेही बरोबर नाही. पकडून लॉग करायचे आणि पुन्हा फेकायचे, असे चार थरांनी केले की एकाच चुकीचे चार ट्रेस पडतात आणि चार चुका झाल्या असे वाटते. लॉग गोळा करणारी यंत्रणा ओळीला एक नोंद मानत असेल, तर ऐंशी ओळींचा ट्रेस ऐंशी अनाथ नोंदींत फुटतो, आणि दोन थ्रेड एकाच वेळी चुकले तर त्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. आम्ही आता अख्खा ट्रेस एका नोंदीत बांधून पाठवतो. ग्राहकाच्या पडद्यावर तो कधीच जात नाही. त्यात आतल्या फाइलींच्या वाटा आणि कधी कधी न दाखवण्याजोगी मूल्ये असतात. ग्राहकाला एक क्रमांक मिळतो, त्याच क्रमांकाने आम्हाला ट्रेस सापडतो. आणि आमच्या स्वतःच्या नोंदीत ट्रेसच्या वर केंद्राचा संकेत, पाळी आणि उत्पादकाचा क्रमांक छापतो, कारण ओळ क्रमांक कोडमधली जागा सांगतो, पण कुणाचे दूध होते ते सांगत नाही.

या वर्षी आषाढात पुन्हा एका बिलाच्या रात्री हिशेब अडला. त्या रात्रीची पाळी सोलापूरहून नुकत्याच आलेल्या एका मुलीकडे होती. मला फोन आला नाही. सकाळी ऑफिसला पोहोचले तेव्हा तिच्या पडद्यावर ट्रेस उघडाच होता, वर केंद्राचा संकेत आणि पाळी, खाली “कॉज्ड बाय”, आणि तिने पेन्सिलीने एका चिठ्ठीवर फाइलचे नाव आणि ओळ क्रमांक उतरवून घेतला होता.

“मॅडम, साडेतीनला बिलं गेली,” ती म्हणाली. “खालून चौथी ओळ आपली होती.”